आधीच दाबलेलं बटण

पहिल्यांदा मी त्या प्लांटमध्ये चौकशीला गेले, तेव्हा मशीन चालवणाऱ्या ताई तिथे नव्हत्या. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये सापडून भाजली होती आणि त्या दवाखान्यात होत्या. त्यांच्याशी न बोलताच मी दीड तासात काम आटोपलं, रिपोर्ट लिहिला आणि जेवायच्या वेळेला ऑफिसात परत आले. 'मशीनमध्ये बिघाड आढळला नाही. दरवाजा उघडा असताना ऑपरेटरने मशीन सुरू केले.' शेवटची दोन वाक्यं ही. खाली माझी सही.

मी मशीनचे प्रोग्राम लिहिते. आमची कंपनी छोटी, पंधराएक माणसांची. मिरचीपूड, चहापत्ती, बडीशेप असलं काहीबाही पाऊचमध्ये भरणारी मशीनं आम्ही बनवतो. लोखंडाचं काम करणारे वेगळे, वायरिंगवाले वेगळे; मशीन उभं राहिलं की ते हलवायचं, चालवायचं आणि थांबवायचं कसं, हे ठरवणं माझ्याकडे. नंदनवनमधल्या घरून एमआयडीसीत पोचायला मला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात डोक्यात बहुतेक वेळा कुठलं तरी मशीनच असतं. चौदा वर्षं हेच करते आहे. स्वतःच्या कामाबद्दल मला फार खात्री होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या खात्रीमुळे झालं.

तो प्लांट मिरचीपूड भरणारा. आत पाऊल टाकलं की आधी शिंक येते, मग डोळ्यांत पाणी, आणि तासाभराने ते सगळं अंगवळणी पडतं. मशीनच्या वरच्या बाजूला छापील फिल्मचा रोल असतो. फिल्म खाली येते, तिची नळी होते, नळीत पूड पडते आणि दोन तापलेल्या पट्ट्या दोन बाजूंनी येऊन ती चिमटतात. कामगार त्या पट्ट्यांना 'जबडा' म्हणतात. जबडा बंद झाला की पाऊचचं तोंड चिकटतं आणि खालची सुरी ते कापते. मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा. ताईंची बोटं त्या जबड्यात सापडली होती. एकदाच मिटला आणि उघडला, तेवढ्यात.

माझ्याकडे पुरावा होता. आमच्या मशीनच्या स्क्रीनवर कोणी कुठलं बटण दाबलं, कुठला फॉल्ट आला, हे सगळं वेळेसकट नोंदलं जातं. त्याला आम्ही लॉग म्हणतो. त्या दिवशीचा लॉग मी काढला. आधी फॉल्ट, 'फिल्म अडकली'. मशीन आपोआप थांबलं. पाच सेकंदांनी कोणीतरी 'स्टॉप' दाबलं, मग 'रीसेट'. पुढच्याच सेकंदाला 'स्टार्ट'. म्हणजे ताईंनी अडकलेली फिल्म काढायला जबड्यापुढचा दरवाजा उघडला, एक हात आत घातला आणि दुसऱ्या हाताने मशीन सुरू केलं. दरवाजा उघडा असला की मशीन सुरू होऊच नये म्हणून एक स्विच असतो. तो खराब झाला म्हणून प्लांटच्या मेंटेनन्सवाल्यांनी तार जोडून कायमचा निकामी केला होता. तेही मी लिहिलं. दोन चुका, आणि दोन्ही आमच्या नाहीत. खरं सांगते, तो लॉग पाहून मला हायसं वाटलं होतं.

प्लांटच्या मॅनेजरनी रिपोर्ट वाचला आणि ताई बऱ्या होऊन परत आल्यावर त्यांना मशीनवरून काढून खोकी चिकटवायच्या टेबलावर बसवलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

दोन महिन्यांनी मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, नवा ऑपरेटरही म्हणून राहिला, का स्क्रीन अटकते. जरा पाहून जाता का?"

"नवाही म्हणजे? आधी कोण म्हणत होतं?"

"त्या बाई म्हणत होत्या ना. ज्यांची बोटं भाजली. म्हणे, स्क्रीनच ऐकत नाही. आम्ही म्हटलं, बाई घाबरली, काहीही बोलून राहिली."

नवा ऑपरेटर आयटीआय झालेला, चाळिशीचा माणूस होता. त्याचं म्हणणं आठवड्याभरात माझ्यापर्यंत पोचलं. ताई अपघाताच्या आधीपासून, चार महिने तेच सांगत होत्या. हा हिशेब मी नंतर घातला, त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी म्हटलं, उद्या सकाळी येते.

सकाळी साडेनऊला मी मशीनपुढे होते. लॅपटॉप जोडला. स्क्रीनवरची सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. बोट टेकताच काम होत होतं. प्रोसेसरवर किती भार आहे, त्याचा आलेख पाहिला, तीस टक्क्यांच्या आसपास. निरोगी माणसाच्या नाडीसारखा एकसारखा. नवा ऑपरेटर शेजारी उभा राहून ओशाळला होता.

"आता चालून राहिली मॅडम," तो म्हणाला. "काल पण सकाळी चांगलीच होती."

मी लॅपटॉप मिटायला घेतला. तेवढ्यात खोक्यांच्या टेबलावरून एक बाई उठून आल्या. पंचेचाळिशीच्या असतील. डोक्याला रुमाल बांधलेला, तोंडावर फडकं. उजव्या हाताची मधली दोन बोटं गुलाबी, तुळतुळीत, आणि नीट वळत नव्हती. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण बोटं पाहून कळलं.

"मॅडम, तुमी मागच्या बारीले पण सकाळीच आल्या होत्या नं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सकाळी ते काहीच नाही करत. सकाळी लेकरावानी राहते. छोटे पाऊच लावले अन् दुपार झाली, का मंग पहा."

"दुपारी काय होतं?"

त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बारीक अक्षरात घड्याळ असतं. प्रोग्राममध्ये ते मीच ठेवलेलं, पण त्याच्याकडे कधी कोणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"त्या घडीकडे पहा. आधी शेकंद उड्या मारते. बेचाळीस, त्रेचाळीस, अन् एकदम सेहेचाळीस. मंग थांबूनच जाते. घडी थांबली का समजायचं, आता स्क्रीन आपलं आयकत नाही. मशीन चालूच राहते पण."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"सगळ्याईले सांगतलं," त्या म्हणाल्या. "तुमालेच नाही सांगतलं. तुमी भेटल्याच नाही."

त्या रागाने बोलल्या नाहीत. नुसतं कसं झालं ते सांगितलं. मी लॅपटॉप परत उघडला आणि नव्या ऑपरेटरला म्हटलं, दहा ग्रॅमचे पाऊच लावा, मी दुपारपर्यंत थांबते.

तिथे थांबणं म्हणजे नुसतं शिंकत बसणं. डबा खाल्ला. ताई आपल्या टेबलावर गेल्या आणि मान खाली घालून खोक्यांना पट्ट्या लावू लागल्या. मी अधूनमधून त्या घड्याळाकडे बघत होते. साडेबारा, सगळं ठीक. दीड वाजला, ठीक. दोनच्या पुढे एकदा वाटलं, एक सेकंद गळला. मग वाटलं, आपले डोळे चुरचुरताहेत म्हणून. मी मोबाइलचं घड्याळ शेजारी धरलं. स्क्रीनचं घड्याळ चार सेकंद मागे होतं. सकाळी मी स्वतः जुळवलेलं घड्याळ.

आणि पावणेतीनच्या सुमाराला तसंच झालं, जसं ताईंनी सांगितलं होतं. एकेचाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस. एकावन्न. आणि मग काही नाही. एकावन्न तिथेच उभं. वर फिल्म सरकत होती, जबडा मिटत होता, उघडत होता, पाऊच एकामागून एक खालच्या सरकत्या पट्ट्यावर पडत होते. एकही वाकडा नाही. एवढं सुरेख चालणारं मशीन आणि त्याच्या तोंडावर मेलेला स्क्रीन. मला क्षणभर भीती वाटली, कशाची ते सांगता येणार नाही.

मी 'स्टॉप' दाबलं.

मशीन थांबलं नाही.

परत दाबलं. जोरात दाबलं, जसं काही जोर लावल्याने काचेला जास्त कळणार होतं. चौदा वर्षं मी लोकांना सांगत आले, टचस्क्रीनवर जोर लावायचा नसतो. मी रीसेट दाबलं. काहीच नाही. हाताला सापडेल ते दाबलं, शेवटी स्टार्टही. माझ्या मशीनसमोर मी उभी होते, आणि ते माझं ऐकत नव्हतं.

"लाल बटण!" मी ओरडले. "लाल बटण दाबा!"

धोक्याच्या वेळी दाबायचं लाल बटण सरळ तारेने जोडलेलं असतं, त्याचा स्क्रीनशी संबंध नसतो. पण ते आम्ही मशीनच्या मागच्या बाजूला, पॅनेलच्या दारावर बसवलं होतं. तिथे वायर कमी लागते म्हणून. नवा ऑपरेटर धावत वळसा घालून गेला आणि त्याने ते दाबलं. मशीन थांबलं. मी पावलं मोजली नव्हती, पण तो तिथे पोचेपर्यंत निदान दहा पाऊच पडले होते.

 मशीन थांबल्यावर दोन-तीन सेकंदांत स्क्रीन जागा झाला. घड्याळ पुढे सरकलं. आणि मी मघाशी जी बटणं दाबली होती, ती सगळी, आता, एकेक करून आपोआप दाबली जाऊ लागली. स्टॉप. स्टॉप. रीसेट. स्टार्ट. स्क्रीनवरचा हिरवा दिवा लागला. मी स्क्रीनला हातही लावलेला नव्हता. दोन्ही हात माझ्या ओढणीत होते. लाल बटण दाबलेलं होतं म्हणून मोटरी हलल्या नाहीत, एवढंच. लाल बटण दाबलेलं नसतं तर जबडा मिटला असता.

मी मान वळवून पाहिलं. ताई आपल्या टेबलाशी उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं आणि ते त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं.

मला त्या क्षणी सगळं कळलं. कसं झालं, ते जसंच्या तसं. फिल्म तिरकी चालत होती म्हणून त्यांनी स्टॉप दाबलं असणार. स्क्रीन मेलेला. मग त्यांनी माझ्यासारखंच हाताला येईल ते दाबलं. तेवढ्यात फिल्म अडकली आणि मशीन स्वतःहून थांबलं. मशीन थांबलेलं पाहून त्यांनी दरवाजा उघडून हात आत घातला. आणि मशीन थांबल्यामुळेच स्क्रीन जागा झाला, आणि आधी दाबलेलं स्टार्ट त्याने तेव्हा ऐकलं.

लॉग खोटं बोलत नव्हता. स्क्रीनने स्टार्ट कधी ऐकलं, ते त्याने लिहिलं होतं. त्या बाईंनी ते कधी दाबलं, हे त्याला माहीतच नव्हतं. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून सही केली होती.

कारण शोधायला मला त्यानंतर जेमतेम दोन तास लागले. मशीनच्या डब्यात संगणक एकच असतो, पण त्यावर कामं दोन तऱ्हेची चालतात. एक तातडीचं काम, मोटरी चालवण्याचं. त्याला आम्ही रिअल-टाइम म्हणतो. ते दर दोन मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पाचशे वेळा, वेळच्या वेळी झालंच पाहिजे, नाहीतर सुरी भलतीकडे पडेल. म्हणून प्रोसेसर आधी त्याला मिळतो. ते झाल्यावर जो वेळ उरेल, त्यात बाकीचं, म्हणजे स्क्रीन, घड्याळ, लॉग. तातडीच्या कामाने सगळाच वेळ खाल्ला तर बाकीच्यांनी उपाशी राहायचं. असं होऊ नये म्हणून एक मर्यादा घातलेली असते. तातडीचं काम कितीही असो, शंभरातले वीस भाग स्क्रीनसाठी राखून ठेवायचे.

मशीन परत चालू करून आम्ही तसंच चालवलं, दरवाजाला हात न लावता, एक माणूस लाल बटणाशी उभा करून. मी लॅपटॉपवर आलेख लावला. सकाळी तीस दाखवणारी रेघ आता सत्त्याण्णववर होती. हलत नव्हती. मर्यादा पाहिली, तर तिथे शंभर लिहिलेलं होतं. राखीव काही नाहीच.

मग तातडीच्या कामातला कुठला भाग एवढा वेळ खातोय, ते शोधलं. फिल्मवर दर पाऊचला एक काळी खूण छापलेली असते, ती बघून मशीन कुठे कापायचं ते ठरवतं. प्रोग्राममधला एक तुकडा प्रत्येक खुणेची जागा एका यादीत साठवत होता आणि फिल्म चालू असेपर्यंत दर फेरीला ती यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासत होता. मशीन सकाळी सुरू झालं की यादी रिकामी. पाऊच पडत जातील तशी ती वाढायची. पाऊच छोटे असतील तर खुणा जास्त, यादी लवकर भरायची. दुपारपर्यंत पूर्ण. मशीनची वीज बंद केली की यादी पुसली जायची. म्हणून मी सकाळी जायचे तेव्हा सगळं निरोगी दिसायचं. यादीला एक कमाल आकडा घातलेला होता, तो असा की मोटरींचं काम कधी चुकू नये. त्यामुळे पाऊच शेवटपर्यंत सुरेख पडायचे. उपाशी राहायचा तो फक्त स्क्रीन.

त्या तुकड्याच्या वर इंग्रजी लिपीत एक टीप होती. 'सध्या राहू दे.' पुढे माझ्या नावाची आद्याक्षरं.

मी ती टीप किती वेळ बघत बसले, आठवत नाही. आठवलं ते दुसरंच. मशीनच्या चाचणीचा दिवस. फिल्म जरा इकडेतिकडे सरकत होती, ग्राहक दाराशी उभा होता, कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, सारखे घड्याळाकडे बघत होते. मी हा तुकडा घाईने लिहिला, फिल्म सरळ झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दुपारी एक इशारा यायला लागला, प्रोसेसरचा वेळ मर्यादेबाहेर जातोय म्हणून. पिवळी पट्टी दर मिनिटाला वर यायची. ग्राहकासमोर बरं दिसत नव्हतं. मी मर्यादा ऐंशीची शंभर केली. पट्टी गेली. सोमवारी नीट करू म्हटलं होतं. कुठला सोमवार, देव जाणे.

नवा ऑपरेटर मागे उभा होता. "सापडलं का मॅडम?" त्याने विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं. आणि लॅपटॉपकडे वळले.

तुकडा मी तिथेच बदलला. जुन्या सगळ्या खुणा ठेवायची गरजच नव्हती, शेवटच्या आठ पुरे होत्या. मर्यादा परत ऐंशीवर आणली. स्क्रीनवरचं बटण दाबून अर्ध्या सेकंदात ऐकलं गेलं नाही तर ते दाबणं रद्द समजायचं, हेही घातलं. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. वीस मिनिटांचं काम. संध्याकाळी मशीन पुन्हा चालू केलं तेव्हा आलेख बावीसवर होता.

ऑफिसात परत आले तेव्हा सर निघायच्या तयारीत होते. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलले, मग पुढे आले, मग त्यांनी चष्मा काढला.

"आता नीट झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग झालं तर. सॉफ्टवेअर अपडेट केलं, असं लिही. कायले जुनं उकरतेस? दरवाजाच्या स्विचला तार त्यांनी जोडली होती ना? तो स्विच असता तर काहीच झालं नसतं."

"हो. पण त्या बाईंनी दरवाजा उघडा ठेवून स्टार्ट दाबलं, असं मी लिहिलंय. त्यांनी दाबलं नव्हतं."

"दाबलं होतं की. आधी दाबलं होतं."

 चौदा वर्षं ज्यांच्या हाताखाली काम केलं, तो माणूस वाईट नाही. माझ्या बाळंतपणात त्यांनी सहा महिने पगार चालू ठेवला होता. पण ते वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की मला धक्काच बसला. आणि त्याहून मोठा धक्का हा, की एक क्षण मलाही ते पटलं. खरंच, दाबलं तर होतं. असं लिहिता येईल, कोणी पकडणार नाही.

"सर, मी दुसरा रिपोर्ट लिहिते," मी म्हटलं. "तुम्ही सही केली नाही तरी माझी करून देते."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आपली असली अजून किती मशीनं बाहेर आहेत?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सहा होती.

ते उठले, पिशवी परत टेबलावर ठेवली आणि फोन घेतला. एकेका ग्राहकाला त्यांनी स्वतः सांगितलं, आमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे, आमचा माणूस येईपर्यंत दर दोन तासांनी मशीन बंद करून चालू करा. शेवटचा फोन ठेवताना त्यांचा आवाज बसला होता. माझ्या रिपोर्टवर त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली.  आठवडाभर फक्त कामापुरतंच बोलले.

रिपोर्ट मेलने पाठवता आला असता. मी घेऊन गेले. मॅनेजरनी उभ्याउभ्या वाचला, परत वाचला.

"म्हणजे बाईची काहीच चूक नव्हती?"

"बटणाची नव्हती. स्विचला तार जोडली, ती तुमच्या मेंटेनन्सची. बाकी माझी."

"तुमची म्हणजे कंपनीची."

"प्रोग्राम मी लिहिलाय."

ते अवघडले. मला वाटतं, मी रडते की काय अशी त्यांना भीती वाटली असावी. त्यांनी ताईंना आत बोलावलं. त्या दारातच थांबल्या, फडकं तोंडावरून खाली केलं. मॅनेजर म्हणाले, "बसा." त्या बसल्या नाहीत. मग मीही उभी राहिले.

मी त्यांना सांगितलं. सोपं करून सांगायचा प्रयत्न केला, पण बोलताना माझं मलाच कळत होतं की मी यादी, मर्यादा, प्रोसेसर असलं काय काय बोलतेय. शेवटी मी म्हटलं, "ताई, तुम्ही जे सांगत होता ते खरं होतं. चूक माझी होती. आणि मी तुमच्यावर लिहिली."

"मंग मी काय सांगून राहिली होती?" त्या म्हणाल्या. मॅनेजरकडे पाहून म्हणाल्या, माझ्याकडे नाही. मग माझ्याकडे वळल्या. "हे शोधाले किती दिवस लागले तुमाले?"

"एक दिवस."

"एकच?"

मी मान हलवली.  मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांचा चेहरा नुसता थक्क झाला होता. चार महिने सांगणं, दवाखाना, खोक्यांचं टेबल, आणि हे सगळं एका दिवसात मिटणारं होतं, हे त्यांच्या डोक्यात उतरायला वेळ लागत होता. मला वाटतं, त्यांना चूक कोणाची यापेक्षा तो एक दिवस जास्त जिव्हारी लागला.

"घरी माया नवरा म्हणे, तूच दाबलं असशील वं, आठवत नसंल तुले," त्या म्हणाल्या. "मले बी तसंच वाटाले लागलं होतं. रात्रंदिवस इचार करो, म्या कधी दाबलं? खरंच दाबलं का?"

हे मी कुठल्या रिपोर्टात लिहू शकत होते? मी त्यांचा हात धरायला पुढे झाले आणि मधेच थांबले, कारण तो उजवा हात होता. त्यांनी ते पाहिलं.

"दुखत नाही आता," त्या म्हणाल्या. "वळत नाही फक्त."

मॅनेजरनी त्यांना मशीनवर परत घ्यायची तयारी दाखवली. ताईंनी दोन दिवस मागितले. हुडकेश्वरला घरी जाऊन विचार करून आल्या आणि म्हणाल्या, लाल बटण समोर आणा, माझ्या हाताशी, आणि दरवाजाचा स्विच नवा लावा, मग येते. दोन्ही झालं. बटण बसवायला आमचा वायरमन गेला तेव्हा त्यांनी त्याला भिंतीशी उभं करून, स्वतः मशीनपुढे उभं राहून, डावा हात कुठपर्यंत पोचतो ते दाखवलं. डावा, कारण उजव्याचा त्यांना आता भरवसा नव्हता. आमच्या बाकीच्या सहाही मशीनांवर बटण त्याच उंचीवर बसलं.

त्या सहा ठिकाणी मी पुढच्या पंधरा दिवसांत गेले. चार ठिकाणी स्क्रीन अटकत होता आणि लोकांनी त्याची सवय करून घेतली होती. एका ठिकाणी दुपारच्या पाळीआधी मशीन बंद करून चालू करायचा नियमच होता. कोणी घातला, कधी घातला, कोणाला माहीत नव्हतं. कोणालाही लागलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी मी हे सगळ्यात आधी विचारायचे.

यंदा आम्ही त्या प्लांटला आणखी दोन मशीनं दिली. नव्या ऑपरेटरांना शिकवायचं काम मॅनेजरनी ताईंना दिलं आणि पहिल्या दिवशी मला बोलावलं. मी स्लाइड बनवून नेल्या होत्या. आठ बायका आणि तीन पुरुष, जेवणाच्या खोलीत बाकांवर बसलेले. मी पंधरा मिनिटं बोलले. शेवटी विचारलं, काही अडचण, काही शंका? सगळे माझ्याकडे बघून हसले. कोणी काही बोललं नाही.

ताई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमी जराशा बाहेर बसता का? तुमच्यासमोर नाही बोलत कोणी."

मी उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आतून आधी एक आवाज आला, मग दोन, मग एकमेकांचं तोडून बोलणं सुरू झालं. तासाभराने ताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात वहीचं एक पान होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. माझ्या मशीनबद्दल तक्रारी. त्यातल्या निम्म्या मी चौदा वर्षांत कधी ऐकल्या नव्हत्या, आणि दोन तर अशा होत्या की वाचताक्षणी माझ्या ओठावर आलं, असं होऊच शकत नाही.

मी ते गिळलं. पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "हे दुपारी होतं की सकाळी?"